गोल शिक्का आणि अकरा टोले

आमच्या शाळेत शिपायाच्या खोलीत एक लोखंडी कपाट आहे. त्यात डब्यांची झाकणं, एका पायाचे बूट, मोडक्या पट्ट्या, कोणाचा तरी चष्मा, असलं सगळं पडलेलं असतं. ज्याचं आहे तो न्यायला येत नाही आणि आपल्याला फेकवत नाही. किस्से तसेच साठतात. पोरं पास होऊन निघून जातात, मास्तर बदलून जातात आणि गोष्टी माझ्याकडे पडून राहतात. आता कपाटाचं दार लागत नाही, म्हणून थोडं बाहेर काढतो.

माझं शिक्षण तिसरी. चौथीच्या वर्गात गेलो तो थेट शिपाई म्हणून, खडू द्यायला. बऱ्हाणपुरातल्या या एका शाळेत चाळीस वर्षं काढली. रिटायर होऊन चार वर्षं झाली, तरी रोज गेटजवळच्या बाकावर येऊन बसतो, गेट उघडतो, लावतो. घरी बसलो तर सून टीव्ही लावते आणि मला आवाज कमी करू देत नाही.

तासांची घंटा आता विजेची आहे. पण आवारातल्या चिंचेला रुळाचा एक तुकडा टांगलाय, ती आमची मोठी घंटा. जुन्या हेडमास्तरांनी तो चांदनी स्टेशनाकडून आणला. कसा आणला ते विचारू नका, तेही सांगत नसत.

या घंटेचा एक रिवाज आहे. शाळेतल्या कुठल्याही पोराने बाहेर जाऊन पहिला, दुसरा किंवा तिसरा नंबर आणला की अकरा टोले द्यायचे, नाव पुकारायचं आणि उरलेला दिवस सगळ्या शाळेला सुट्टी. त्यामुळे दुसऱ्याच्या यशावर जळणारं पोर आमच्याकडे सापडत नाही. उलट धक्के मारून स्पर्धेला पाठवतात. कविता म्हणताना थरथरणाऱ्या एका पोराला अख्ख्या आठवीने वर्गणी काढून मावा जिलबी खाऊ घातली होती. तो पाचवा आला. तर पोरं म्हणाली, जिलबी परत दे.

हातोडा माझ्याकडे असतो. रिटायर झालो तेव्हा सगळं जमा केलं, हातोडा आणि व्हरांड्यातल्या काचेच्या कपाटाची किल्ली सोडून. कोणी मागितलंही नाही.

*

हा किस्सा जुना आहे, पण तो सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

तेव्हा जिल्हा खंडव्याचा होता. आमची खो-खोची टीम खंडव्याला गेलेली. मोबाइल कोणाकडे नव्हता. दुपारी नववीतला भगवान, तुकईथडचा, घामाने निथळत माझ्याकडे आला.

"बाबा, आपली टीम पहिली आली!"

"तुला कोणी सांगितलं?"

"केळीच्या ट्रकवाल्याने. खंडव्याहूनच आला तो."

मी अकरा टोले दिले. पाच मिनिटांत शाळा रिकामी. हेडमास्तर स्वतः बाजारात जाऊन पेढे घेऊन आले आणि गेटवर उभे राहिले. संध्याकाळी टीम आली. पहिल्याच सामन्यात बाहेर पडली होती. नळाखाली डोकं धरलं की घाम आल्यासारखं दिसतं, हे मला त्या दिवशी कळलं.

हेडमास्तरांनी पेढ्यांचा पुडा माझ्या हातात दिला. "वामनराव, खा. सगळे. माझ्यासमोर."

तेव्हापासून मी पेढा खात नाही.

दुसऱ्या दिवशी नियम झाला. तोंडी सांगितलेलं चालणार नाही. गोल शिक्का असलेला कागद वामनरावांच्या हातात आल्याशिवाय टोला पडणार नाही. कागदावर काय लिहिलंय ते वाचणं माझं काम नाही. हिंदी असतं, इंग्रजी असतं, कोण वाचत बसणार. शिक्का गोल आहे का, एवढं पाहायचं आणि हातोडा उचलायचा.

भगवानला मी चिंचेखाली पकडला. "काऊन केलं रे असं?"

तो म्हणाला, "माह्यासाठी तर कधी वाजणार नाई, बाबा. म्हटलं, माह्यामुळे तरी एकदा वाजू दे."

मी त्याला दोन ठेवून दिल्या. उत्तर बरं होतं, म्हणून तिसरी दिली नाही.

*

आता अलीकडचं.

विज्ञान प्रदर्शनात आमच्या नववीच्या पोरींनी केळीच्या खोडापासून ताटल्या केल्या. आमच्याकडे केळीच्या खोडांना तोटा नाही, अक्कल लावणारा पाहिजे. पोरींनी लावली. ताटल्या दिसायला झकास. मोठे पाहुणे आले, बघून खूश झाले, म्हणाले, "इसी में नाश्ता दीजिए।"

पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या. ताटली कोरड्या पदार्थासाठी होती. पण पाहुण्याला नाही कोण म्हणणार? वाढले पोहे, वर रसेदार चण्याची भाजी. पाहुणे उभे राहून भाषण देत देत खात होते. पर्यावरणापर्यंत आले आणि ताटलीचा मधला भाग खाली गेला. पांढऱ्या पायजम्यावर, गुडघ्यापर्यंत.

आमच्या एका पोरीने माइक हातात घेतला आणि शांतपणे म्हणाली, "सर, ये नष्ट होने वाली थाली है। आपने अभी देखा।"

दुसरा नंबर मिळाला. शिक्का गोल होता.

*

दोन वर्षांपूर्वी नव्या प्राचार्या मॅडम इंदूरहून आल्या. बाई कडक. मराठी समजते, बोलतात हिंदी. विजेची घंटा त्यांनीच बसवली. मोठ्या घंटेचा रिवाज ऐकून म्हणाल्या, "एक बच्चा जीते और पाँच सौ बच्चे पढ़ाई छोड़कर घर जाएँ? ये कौन सा हिसाब है, बाबा?"

मी म्हटलं, "मॅडम, हिशेब मला येत नाही. मी तिसरी आहे."

त्यांनी नियम बदलला. जो जिंकेल त्यालाच सुट्टी. बाकीच्यांनी वर्गात बसायचं.

लगेचच सातवीतला अथर्व बुद्धिबळात पहिला आला. मी टोले दिले, नाव पुकारलं. अथर्व दप्तर घेऊन एकटा निघाला. पोरं खिडकीतून त्याच्याकडे असं बघत होती की जसं काही त्याने चोरी केली.

अर्ध्या तासात तो परत आला. सोबत आई. पोराचा कान आईच्या हातात.

"मॅडम, हा शाळा सोडून पळाला. वर म्हणतो, पहिला आलो म्हणून सुट्टी दिली. पहिला आला तर बाकीची पोरं कुठं आहेत? मीही याच शाळेत शिकलीय, मला शिकवतो!"

मॅडमनी समजावलं. आईला पटलं नाही. कागद दाखवला तेव्हा कान सोडला. दुसऱ्या दिवसापासून जुना नियम पुन्हा सुरू झाला.

याच अथर्वची आई पुढच्या आठवड्यात पुन्हा आली. म्हणाली, कागद द्या, घरी फ्रेम करायचाय. मी नाही म्हटलं. घंटा वाजलेला कागद व्हरांड्यातल्या काचेच्या कपाटात लागतो. तो पुन्हा घरी जात नाही. हा आमचा दुसरा नियम. घरच्यांना झेरॉक्स मिळते.

"अहो, पोरगा माझा आहे."

"पोरगा तुमचा. कागद शाळेचा."

बाई मॅडमकडे गेली. मॅडम म्हणाल्या, "कपाट की चाबी बाबा के पास है। मैं क्या करूँ?" त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की ही बाई टिकेल.

*

गेल्या जूनमध्ये गेटवर एक माणूस उभा. केस पांढरे झालेले, खांद्यावर गमछा, मागे एक उंच, सडपातळ पोरगी आणि पत्र्याची पेटी.

"ओळखलं का, बाबा?"

"पेढ्यावाला भगवान," मी म्हटलं.

तो हसला नाही. "हे माही पोरगी, रोशनी. अकरावीत टाकाले आलो. होस्टेलात राहीन. पण एक गोष्ट हाये. दिवाळीपर्यंत हिच्यासाठी घंटा वाजली तर बारावीपर्यंत इथंच शिकीन. नाई वाजली तर टीसी काढून घरी नेतो. घरूनच प्रायव्हेट फॉर्म भरीन, शेतात हात लागतेत."

"असली कसली अट?"

"तुमचीच शाळा हाये. मी पाच वर्षं बसलो, एकदाबी नाव पुकारलं नाई. मंग बसून काय फायदा झाला?"

"खोटं बोलायला शिकला."

पोरगी हसली. बापाने वळून पाहिलं तेव्हा पेटी बघत होती.

अभ्यासात पोरगी बरी, पण तिसऱ्या नंबरात येईल अशी नाही. गाणं नाही, भाषण नाही. दिवाळीला साडेचार महिने. मी म्हटलं, हिची पेटी उघडू नका, पुन्हा बांधायचा त्रास.

*

होस्टेल लालबागच्या बाजूला. रोशनी रोज उशिरा यायची, बरोब्बर गेट लावायच्या वेळी. आणि पळत यायची नाही. चालत यायची. पण काय चालायची! सायकलवाले मागे राहायचे. एक दिवस मी गेट धरून ओरडलो, "पळ ना, बंद करतोय."

"पळली की दप्तर उडते, बाबा," म्हणाली आणि आत आली. दम लागलेला नाही.

खेळाचे चौधरी सर बाजूला चहा पीत होते. कप तसाच हातात धरून ते तिच्या पायांकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "वामनराव, चालण्याची शर्यत असते, माहीत आहे? पैदल चाल. एक पाय कायम जमिनीवर पाहिजे. दोन्ही उचलले, म्हणजे पळालं, की बाद."

"चालायची शर्यत?" मी म्हटलं. "मग मलाही घ्या."

दुसऱ्या दिवसापासून रोशनी मैदानात चालायला लागली. या चालण्यात कंबर हलते, कोपरं हलतात. लांबून बदक पळाल्यासारखं दिसतं, खोटं कशाला सांगू. बारावीची पाच-सहा पोरं तिच्या मागे रांग लावून तशीच चालायची. रोज. सगळं मैदान हसायचं. मी चौधरींना म्हटलं, हाकला त्यांना. चौधरी म्हणाले, "थांबा."

पोरगी मागे वळून बघायची नाही. चौथ्या फेरीत मागची पोरं गळायची, पाचवीत एक-दोन उरायची. महिन्याभरात एकच उरला, नितीन. आता तो हसत नव्हता. हसायला दम लागतो.

चौधरींनी त्याचंही नाव लिहून घेतलं.

*

जिल्ह्याच्या स्पर्धेला मीही गेलो. पाण्याची टाकी सांभाळायला कोणी नव्हतं.

पोरींची शर्यत तीन किलोमीटरची. स्टेडियमवर साडेसात फेऱ्या. रोशनी पहिल्या फेरीपासून पुढे. तिच्या मागे देडतलाईची एक पोरगी, दहा-बारा पावलांवर. तशाच सहा फेऱ्या झाल्या. चौधरी पुटपुटत होते, "पाय, पाय, पाय." पंच वाकून वाकून पाय बघत होते.

सातव्या फेरीत भगवान आला. तुकईथडची बस उशिरा पोहोचली म्हणून थेट तारेच्या कुंपणापाशी, शेवटच्या वळणावर उभा. हातात डब्याची पिशवी. त्याने पाहिलं की आपली पोरगी पुढे आहे आणि मागची जवळ येतेय. आणि आपली पोरगी चालतेय.

"पळ!" तो ओरडला. "रोशनी, पळ ना वं! चालते काय, पळ!"

चौधरी तिकडे धावले. "भाऊ, गप्प! गप्प!"

भगवान काही गप्प बसला नाही. पोरीने बापाकडे पाहिलं आणि पळाली. देडतलाईच्या पोरीला खूप मागे टाकून पहिली आली.

भगवानने पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही हात वर केले. "माही पोरगी पहिली!" तोवर पंच लाल पट्टी घेऊन आला होता.

"हे लाल कायले?" भगवानने विचारलं.

चौधरींनी सांगितलं. दोन वाक्यांत सांगितलं. भगवानने गमछा तोंडाला लावला आणि तसाच बस स्टँडकडे गेला. डब्याची पिशवी तिथेच राहिली, ती मी घेतली. आत वांग्याचं भरीत आणि भाकरी होती.

गाडीत मी रोशनीला विचारलं, "नियम माहीत होता ना तुला?"

"हो."

"मग?"

"आवाज त्यांचा होता, बाबा."

मी डबा तिच्यापुढे सरकवला. तिने अर्धी भाकरी खाल्ली.

त्याच दुपारी पोरांच्या शर्यतीत नितीन दुसरा आला. चेष्टा करता करता. दुसऱ्या दिवशी कागद माझ्या हातात आला. गोल शिक्का. मी टोले दिले, नितीनचं नाव पुकारलं. पोरं ओरडत बाहेर पळाली. रोशनी चिंचेच्या पारावर बसलेली.

"बाबा, दहाच झाले," ती म्हणाली.

"अकरा दिलेत."

"मी मोजले. दहा."

मी एक आणखी दिला. ती उठून होस्टेलला गेली. चालत.

चौधरी सर दोन दिवस माझ्यामागे होते. पहिली तर आलीच होती, तोंडी वाजवा, कोण विचारतंय. मी म्हटलं, "कागद आणा." त्यांच्याकडे कागद होता, भाग घेतल्याचा. छापील सही, शिक्काच नाही. मी परत दिला. माणूस मला हलकट म्हणाला. म्हणू दे.

*

दिवाळीनंतर शाळा उघडली त्या दिवशी भगवान आला.

मॅडमनी त्याला अर्धा तास समजावलं. दार उघडं होतं, मला ऐकू येत होतं. पुढच्या वर्षी पुन्हा स्पर्धा आहे, चौधरी सर तयारी करून घेतील, पोरगी गुणी आहे. भगवान एकच वाक्य बोलत होता. "बोललो ते बोललो, मॅडम." आवाज मात्र असा होता की कोणी तरी आपल्याला अडवावं. पण अडवायचं कसं ते मॅडमना येईना आणि अडायचं कसं ते त्याला येईना.

शेवटी मॅडमनी टीसी लिहिली. सही केली. शिक्का मारला. भगवान बाहेर पारावर जाऊन बसला. तिथे रोशनी होती आणि पत्र्याची पेटी होती.

क्लार्क रजेवर होता. मॅडमनी मला हाक मारली. "बाबा, ये कागज़ उनको दे दीजिए।"

मी कागद घेतला आणि व्हरांड्यात आलो. निळी शाई अजून ओली होती. शिक्का गोल. एकदम गोल, कडा कुठेही तुटलेली नाही.

मी खोलीत जाऊन हातोडा घेतला.

पहिल्या टोल्याला भगवान पारावरून उठला. तिसऱ्या-चौथ्याला वर्गांची दारं उघडली. अकरा झाल्यावर मी पुकारलं, "रोशनी भगवान, अकरावी, मुक्काम तुकईथड!"

पाचशे पोरं दप्तरं घेऊन गेटकडे सुटली. "रोशनी! रोशनी!" करत. कशाबद्दल, ते आमच्या पोरांनी कधी विचारलेलं नाही. नितीनने जाता जाता पेटीवर टाळी मारली. चौधरी सर शिट्टी तोंडात धरून तसेच उभे.

मी रोशनीला विचारलं, "किती झाले?"

"अकरा," ती म्हणाली.

मॅडम बाहेर आल्या. "बाबा, ये क्या किया? ये टीसी है।"

"मला वाचता कुठं येतं, मॅडम. शिक्का गोल आहे."

त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला. पाच मिनिटांपूर्वी स्वतःच लिहिलेला कागद त्यांनी वरून खालपर्यंत वाचला. उलटा करून मागची कोरी बाजू पाहिली. मग तो मला परत दिला आणि आत गेल्या.

मी काचेचं कपाट उघडलं. अथर्वच्या कागदाशेजारी जागा होती, तिथे टाचण्या लावल्या. दार बंद केलं, कुलूप लावलं, किल्ली खिशात ठेवली.

भगवान मागे येऊन उभा राहिला होता.

"बाबा, तो कागद मले पाहिजे ना. त्याच्याबिगर प्रायव्हेट फॉर्म कसा…"

"घंटा वाजलेला कागद घरी जात नाही," मी म्हटलं. "झेरॉक्स पाहिजे तर सांग."

शाळा रिकामी झाली होती. रोशनी पारावर पेटीवर हात ठेवून आमच्याकडे बघत होती. भगवान काचेला नाक लावून कागद बघत राहिला. त्याला वाचता येतं, पाच वर्षं आमच्याकडे बसला होता.

मग गमछ्याने काच पुसली.

"कुलूप काढा, बाबा," तो म्हणाला. "जरा सरळ लावा. वाकडा लागलाय."